नेब्रास्काचे ट्रॅक्टर-परीक्षेचे कागद : शेतकी यंत्रांच्या इतिहासाचें एक अस्सल साधन

१. प्रास्ताविक

बखर आणि अस्सल कागद यांतील भेद या त्रैमासिकाच्या वाचकांस सांगावयास नको. बखरकारास ज्याचा पराक्रम गावयाचा असतो त्याच्या फौजेचा आंकडा लेखणीच्या एका फटकाऱ्यासरशीं दुप्पट होतो. पुढें एखाद्या दप्तरांत हजेरीपट किंवा जमाखर्चाचा कागद सांपडला म्हणजे त्या आंकड्याचा फुगारा उतरतो. राजकीय इतिहासांत हा विवेक आतां सर्वमान्य झाला आहे. यंत्रांच्या इतिहासांत मात्र तो अद्याप पुरता रुजलेला दिसत नाहीं. जुन्या ट्रॅक्टरांविषयीं लिहिणारे लोक कारखानदारांचीं सूचीपत्रें व जाहिराती प्रमाण धरतात आणि त्यांत छापलेला अश्वशक्तीचा आंकडा निमूटपणें उतरून घेतात. वस्तुतः सूचीपत्र ही यंत्राची बखर होय. ती टाकाऊ नसते. पण तिच्यावर एकटीवर भिस्त ठेवतां येत नाहीं.

या विषयांत अस्सल कागदांचें एक मोठें दप्तर सुदैवानें उपलब्ध आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं नेब्रास्का संस्थानच्या विश्वविद्यालयानें १९२० सालापासून ट्रॅक्टरांची परीक्षा करून जे क्रमांकवार अहवाल प्रसिद्ध केले, तेंच हें दप्तर. त्याचा परिचय करून देणें हा प्रस्तुत लेखाचा पहिला उद्देश. दुसरा उद्देश असा कीं, कागद अस्सल असला तरी तो वाचावयाची रीत ठाऊक असावी लागते, हें दाखवावें. अश्वशक्तीच्या एकट्या आंकड्यानें शेतांतील यंत्राची योग्यता कळत नाहीं; त्यासाठीं टॉर्क, म्हणजे फिरविण्याचा जोर, समजून घ्यावा लागतो.

२. टॉर्क आणि अश्वशक्ति

जात्यावर दळणाऱ्या बाईस टॉर्क म्हणजे काय हें पुस्तकांतून शिकावें लागत नाहीं. खुंटा जात्याच्या कडेस असला तर जातें हलक्या हातानें फिरतें. तोच खुंटा मध्याजवळ ठोकला तर तेवढ्याच दळणास दुप्पट-तिप्पट जोर लागतो. तेल्याच्या घाण्याची गोष्ट तीच. बैल आडव्या लाकडाच्या टोंकाशीं ओढतो. त्याची ओढ आणि मध्यापासूनचें त्याचें अंतर यांचा गुणाकार म्हणजे घाणा फिरविणारा जोर. यासच यंत्रशास्त्रांत टॉर्क म्हणतात, व पौंड आणि फूट या मापांनीं तो फूट-पौंडांत सांगतात. टॉर्कमध्यें काळाचा हिशेब नाहीं. बैल नुसता ताण देऊन उभा राहिला व घाणा तसूभरहि हलला नाहीं, तरी टॉर्क असतोच. काम मात्र झालेलें नसतें. काम किती वेगानें झालें याचें माप म्हणजे शक्ति.

शक्तीचें 'घोडा' हें माप इंग्लंडांत जेम्स वॅट यानें १७८० नंतरच्या दशकांत रूढ केलें. घोड्यांवर चालणाऱ्या गिरण्यांच्या मालकांस वाफेचें यंत्र विकावयाचें, तर तें किती घोड्यांचें काम करील हें सांगणें प्राप्त होतें. वॅटच्या हिशेबांत घोडा १२ फूट त्रिज्येच्या वर्तुळांत मिनिटास २.४ फेरे घालतो व १८० पौंडांची ओढ देतो असें धरलें आहे. त्यावरून मिनिटास सुमारें ३२,५७२ फूट-पौंड काम येतें; वॅटनें ठोक ३३,००० धरले. म्हणजे ज्या मापानें आपण यंत्रांचा खरेपणा तपासतों तें मापच विक्रीच्या गरजेंतून जन्मास आलें आहे, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

या घोड्याचा टॉर्क किती? १२ फूट गुणिले १८० पौंड, म्हणजे २,१६० फूट-पौंड. शक्ति मात्र एकच. याच्या उलट, हेन्री फोर्डच्या प्रसिद्ध 'मॉडेल टी' मोटारीचें एंजिन मिनिटास १,६०० फेऱ्यांवर २० अश्वशक्तीचें होतें. त्या गतीस त्याचा टॉर्क अवघा ६६ फूट-पौंड येतो. वीस घोड्यांच्या एंजिनाचा फिरविण्याचा जोर एका घोड्याच्या जोराच्या बत्तिसाव्या हिश्श्याहूनहि कमी! यांत विरोध कांहीं नाहीं. टॉर्क गुणिले मिनिटांतील फेरे, भागिले ५,२५२, म्हणजे अश्वशक्ति, असा हिशेब आहे. घोडा सावकाश फिरतो, एंजिन झपाट्यानें फिरतें. एंजिनाच्या झपाट्याचें जोरांत रूपांतर करावयाचें काम दांतेरी चाकांचें. जितका वेग सोडावा तितका जोर मिळतो. शक्ति मात्र चाकांच्या योगानें वाढत नाहीं, घर्षणानें थोडी घटतेच.

नांगराच्या ओढीलाहि हाच न्याय लागतो. पौंडांतील ओढ गुणिले ताशीं मैल, भागिले ३७५, म्हणजे ओढीची अश्वशक्ति. समजा, एका ट्रॅक्टरची ओढीची शक्ति १२ आहे. तो ताशीं सव्वादोन मैल चालला तर २,००० पौंडांची ओढ देईल; तीन मैल चालला तर १,५०० पौंडांचीच. चिकण मातींत दोन हजार पौंड मागणारा नांगर दुसऱ्या प्रसंगीं जागींच अडेल. विक्रेता '१२ घोडे' म्हणतो तें खोटें नसतें, पण पुरतेंहि नसतें.

३. कायद्यापूर्वींची स्थिति

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांत अमेरिकेंत ट्रॅक्टरांचे कारखाने भराभर निघाले. ट्रॅक्टरास दोन आंकडे लावण्याची चाल होती. उदाहरणार्थ '१०-२०' किंवा '१२-२५'. यांपैकीं पहिला आंकडा ओढीच्या शक्तीचा आणि दुसरा पट्ट्यावरील शक्तीचा. मळणीयंत्र वगैरे चालविण्यास एंजिनाच्या चाकावर जो लांब पट्टा चढवीत, तो येथें अभिप्रेत आहे. दोन आंकड्यांतील अंतर म्हणजे एंजिनापासून जमिनीपर्यंत वाटेंत नाहींशी होणारी शक्ति : दांतेरी चाकांत, ट्रॅक्टरचें स्वतःचें वजन हलविण्यांत, आणि लोखंडी चाकें मातींत रुतून घसरण्यांत. ही चाल सूचक असली तरी आंकडे ठरविण्याचा नियम एक नव्हता. कोणी मोजून ठरवी, कोणी अंदाजानें, कोणी शेजारच्या कारखान्याचा आंकडा पाहून.

कांहीं ठिकाणीं नुसत्या सूत्रानेंहि अश्वशक्ति काढीत. ब्रिटनमध्यें मोटारींवर कर बसविण्यासाठीं १९१० सालापासून जें सूत्र चाललें त्यांत सिलिंडरच्या इंचांतील व्यासाचा वर्ग, गुणिले सिलिंडरांची संख्या, भागिले २.५ एवढेंच होतें. त्यांत दट्ट्याच्या धांवेची लांबी नाहीं व प्रत्यक्ष फेऱ्यांची संख्याहि नाहीं. पुढें ज्याचा उल्लेख यावयाचा आहे त्या 'वॉटर्लू बॉय' ट्रॅक्टरास साडेसहा इंच व्यासाचे दोन सिलिंडर होते. सूत्रानें त्याची शक्ति ३३.८ येते, प्रत्यक्ष मोजली तेव्हां ती सुमारें २६ भरली. सूत्र हें एंजिनाचें माप नसून कर आकारण्याची एक सोय होती, हें यावरून उघड होतें.

खऱ्याखोट्याची निवड व्हावी असा प्रयत्न पूर्वीं अगदींच झाला नव्हता असें नाहीं. कॅनडांतील विनिपेग येथें १९०८ सालापासून कांहीं वर्षें शेतकी एंजिनांच्या स्पर्धा भरत असत. तथापि स्पर्धेंत कोणी उतरावें हें कारखानदाराच्या इच्छेवर असे. ज्याच्या मालांत खोट त्यानें घरीं बसावें, एवढीच त्याला शिक्षा.

४. क्रोझरची हकीकत आणि १९१९ चा कायदा

याच सुमारास मिनिआपोलिस येथें 'फोर्ड ट्रॅक्टर कंपनी' नांवाची एक मंडळी उभी राहिली. डेट्रॉइटच्या हेन्री फोर्डचा तिच्याशीं कांहीं संबंध नव्हता. फोर्ड आडनांवाच्या एका इसमास पदरीं ठेवून तिनें तें नांव धारण केलें होतें. हेन्री फोर्डचा ट्रॅक्टर १९१७ सालीं निघाला, तो 'फोर्डसन' या वेगळ्या नांवानें.

नेब्रास्कांतील पोक परगण्याचा शेतकरी विल्मट क्रोझर यानें १९१६ सालीं या मिनिआपोलिसच्या मंडळीचा ट्रॅक्टर घेतला. तो नीट चालेना, म्हणून बदलून दुसरा मागविला; तोहि तसाच निघाला. मग त्यानें 'बुल' नांवाचा ट्रॅक्टर घेतला. त्यानेंहि निराशाच केली. शेवटीं रूमली कारखान्याचा 'ऑइल-पुल' घेतला, तेव्हां मात्र उलट अनुभव आला. कारखान्यानें जेवढी बोली केली होती तीहून अधिक काम तो ट्रॅक्टर देऊं लागला. या चौथ्या अनुभवाचें महत्त्व पहिल्या तिहींहून अधिक आहे असें मला वाटतें. यंत्र मुळांत होऊंच शकत नाहीं अशी अडचण नव्हती. चांगलें यंत्र व वाईट यंत्र जाहिरातींत सारखेंच दिसत होतें, ही अडचण होती. अशा बाजारांत शेतकरी फसतो, आणि प्रामाणिक कारखानदारहि बुडतो.

पुढें क्रोझर संस्थानच्या कायदेमंडळांत निवडून गेला. वरिष्ठ सभेंतील चार्ल्स वॉर्नर याच्या साह्यानें त्यानें जो कायदा मंजूर करून घेतला तो १९१९ च्या जुलैंत अंमलांत आला. त्याचीं मुख्य कलमें अशीं : नेब्रास्कांत विकावयाच्या प्रत्येक नमुन्याच्या ट्रॅक्टराची विश्वविद्यालयांत तीन एंजिनियरांच्या मंडळाकडून परीक्षा व्हावी, परीक्षेचें फळ कारखानदाराच्या बोलीशीं ताडून पाहावें, परवान्यावांचून विक्री करूं नये, आणि विकणारानें सुट्या भागांचा पुरेसा सांठा संस्थानांत ठेवावा. शिवाय परीक्षेच्या अहवालांतील सोयीचा तेवढाच तुकडा तोडून जाहिरातींत छापण्यास मनाई होती. अर्धा उतारा देऊन उलट अर्थ काढणें ही खोड इतिहासलेखकांप्रमाणें व्यापाऱ्यांसहि असते, हें कायदा करणारांनीं ओळखलें होतें.

येथें एक सावधगिरीची सूचना केली पाहिजे. ही हकीकत इतक्या वेळां सांगितली गेली आहे कीं, तिलाच आतां बखरीचें रूप येऊं लागलें आहे. एक फसलेला शेतकरी उठला व त्यानें कारखानदारांस वठणीवर आणलें, अशी ती सांगतात. पण विश्वविद्यालयांतील शेतकी यंत्रशास्त्राचे अध्यापक एल. डब्ल्यू. चेस यांचें साह्य नसतें तर मोजणीची रीत बसविणें कठीण गेलें असतें. शेतकऱ्यानें प्रश्न केला, कायदेमंडळानें अधिकार दिला, आणि शास्त्रज्ञांनीं माप दिलें. या तिहींपैकीं एकहि कमी असतें तर हें दप्तर निर्माण झालें नसतें.

५. मोजणीची रीत

फिरत्या दांड्याची शक्ति मोजण्याची युक्ति गास्पार द प्रोनी या फ्रेंच एंजिनियरानें १८२१ सालीं काढिली. दांड्याभोंवतीं लाकडाचे ठोकळे आवळावयाचे, त्यांस एक लांब दांडी जोडावयाची आणि तिचें टोंक काट्यावर टेकवावयाचें. दांडा ठोकळ्यांस आपल्याबरोबर फिरवूं पाहतो; दांडी त्यांस अडविते; आणि तो अडविलेला जोर काट्यावर पौंडांत दिसतो. दांडीची लांबी गुणिले काट्यावरील वजन म्हणजे टॉर्क. नेब्रास्कांत लाकडी ठोकळ्यांच्या जागीं विजेचें मापक यंत्र होतें. तत्त्व मात्र हेंच.

यावरून एक महत्त्वाची गोष्ट निघते. अश्वशक्ति प्रत्यक्ष कोणी मोजीत नाहीं. मोजतात तो टॉर्क, आणि मोजतात ते फेरे. अश्वशक्ति ही त्या दोहोंवरून हिशेबानें काढलेली रक्कम आहे. संशोधकाच्या भाषेंत बोलावयाचें तर टॉर्क व फेरे हे मूळ कागद, अश्वशक्ति हा त्यांचा गोषवारा. गोषवारा सोयीचा असतो. पण मूळ कागद हातीं असतां गोषवाऱ्यावर कोणी थांबूं नये.

ओढीची परीक्षा वेगळी होई. मातीच्या गोल वाटेवर ट्रॅक्टरामागें ओझें जोडीत व मध्यें ओढ मोजणारें यंत्र ठेवीत. ओढ, वेग, चाकांची घसर, जळलेलें तेल, पाण्याचा खर्च, हवेचें मान हें सर्व टिपून ठेवीत. परीक्षा चालू असतां काय मोडलें, काय ढिलें झालें, काय बदलावें लागलें, याचेंहि टिपण अहवालांत असे. प्रारंभींच्या अहवालांत आणखी एक सदर आढळतें, तें आमच्या दृष्टीनें फार मोलाचें आहे. कारखानदारानें अर्जासोबत पाठविलेल्या छापील मजकुरांतील बोली अवास्तव आहे कीं नाहीं, यावर परीक्षक मंडळ आपला अभिप्राय त्यांत नोंदवी. बखर व तिची तपासणी एकाच कागदावर मिळावी, असा योग इतिहासांत क्वचित् येतो.

६. पहिला अहवाल

१९१९ च्या शरदांत एका ट्रॅक्टरची परीक्षा आरंभिली गेली होती, परंतु बर्फ पडूं लागल्यामुळें ती पुरी झाली नाहीं. पहिला पूर्ण अहवाल 'वॉटर्लू बॉय', नमुना 'एन', या ट्रॅक्टराचा. परीक्षा ३१ मार्च ते ९ एप्रिल १९२० या दिवसांत झाली. हा ट्रॅक्टर आयोवा संस्थानांतील वॉटर्लू गांवचा. त्याचा कारखाना १९१८ सालीं डीअर कंपनीनें विकत घेतला होता. एंजिन दोन सिलिंडरांचें, रॉकेलवर चालणारें, मिनिटास ७५० फेऱ्यांचें. बोली '१२-२५' अशी होती. मोजणींत पट्ट्यावर २५ हून थोडी अधिक शक्ति भरली आणि ओढीची शक्ति १६ च्या घरांत गेली. बोली खरी ठरली.

आतां हाच कागद टॉर्कच्या दृष्टीनें वाचूं. ७५० फेऱ्यांवर २५ अश्वशक्ति म्हणजे १७५ फूट-पौंड टॉर्क. वर सांगितलेल्या 'मॉडेल टी'चा, २० अश्वशक्तीवर, ६६. अश्वशक्ति पाहिली तर ट्रॅक्टर मोटारीच्या सव्वापट दिसतो. टॉर्क पाहिला तर अडीचपटीहून अधिक. मोटारीचें एंजिन ट्रॅक्टरास बसवून दांतेरी चाकांनीं वेग उतरविला तर ओढ मिळणार नाहीं असें नाहीं. पण तेंच काम करण्यास त्या एंजिनास मिनिटास दुपटीहून अधिक फेरे दिवसभर घालावे लागतील, आणि झीज व उष्णता त्या मानानें वाढेल. जुने ट्रॅक्टर अवजड व संथ कां होते, याचें उत्तर कारागिरांच्या अडाणीपणांत शोधणारे लेखक आहेत. त्यांनीं हा एवढाच हिशेब करून पाहावा.

७. गोषवाऱ्यांत न दिसणारी गोष्ट

शेताची जमीन पट्ट्यासारखी एकसारखी नसते. नांगर चालतां चालतां कठीण थर लागतो, मुळें लागतात, चढ लागतो. ओझें एकदम वाढतें व एंजिनाची गति उतरूं लागते. अशा वेळीं गति उतरतांना टॉर्क वाढत गेला तर एंजिन तग धरतें व थर फोडून पुढें जातें. टॉर्क वाढला नाहीं तर तें गुदमरून बंद पडतें. गति उतरल्यावर टॉर्क शेंकडा किती चढतो, या मानास टॉर्कचा चढ म्हणूं.

समजा, दोन एंजिनें मिनिटास १,५०० फेऱ्यांवर ४० अश्वशक्तीचीं आहेत. दोहोंचा टॉर्क त्या गतीस १४० फूट-पौंड. ओझ्यानें गति १,१०० वर आली. पहिल्याचा टॉर्क १७५ पर्यंत चढला, म्हणजे चढ शेंकडा २५. त्याची शक्ति ३६ हून अधिक राहिली. दुसऱ्याचा टॉर्क १४० वरच राहिला; त्याची शक्ति सुमारें २९ वर आली. सूचीपत्रांत दोन्हीं एंजिनें '४० घोडे'. शेतांत मात्र पहिल्याचा धनी नांगरीत राहील, व दुसऱ्याचा धनी दर शंभर पावलांस वेग बदलीत बसेल. नंतरच्या काळांतील नेब्रास्काच्या अहवालांत गति उतरतांना होणाऱ्या टॉर्कच्या नोंदी मिळतात. जुन्या अहवालांत त्या नसल्या तरी निरनिराळ्या ओझ्यांवरील शक्ति व फेरे दिलेले असतात, आणि तेवढ्यावरूनहि एंजिनाच्या प्रकृतीचा पुष्कळसा अदमास करतां येतो.

याच विचाराचें दुसरें रूप पुढें ट्रॅक्टरास बोली ठरवून देण्यांत दिसतें. महत्तम शक्ति हीच बोली न धरतां, ओढीस तिच्या शेंकडा ७५ व पट्ट्यास शेंकडा ८५ एवढीच बोली धरावी, असा परिपाठ पडला. महत्तम शक्ति ही निकराची शक्ति होय; रोजच्या कामास हाताशीं कांहीं शिल्लक असावी लागते. ज्या कारखान्यांनीं पूर्वीं पुरतें माप छापलें होतें ते आतां कमी छापूं लागले. म्हणून १९२० पूर्वींचा '२० घोडे' आणि नंतरचा '२० घोडे' यांची तुलना करतांना, शिवकालीन होन व पेशवाईंतील रुपया यांची तुलना करतांना बाळगावी तेवढीच सावधगिरी बाळगली पाहिजे.

८. साधनाच्या मर्यादा

इतकें असूनहि हे अहवाल सर्वस्वीं निर्दोष आहेत असें समजणें चूक होईल. परीक्षेस एकच ट्रॅक्टर येतो. पुढें विकल्या गेलेल्या हजारोंची तीच योग्यता असेल याची हमी कागद देत नाहीं. मातीची वाट ऋतूप्रमाणें बदले. म्हणून निरनिराळ्या वर्षांतील ओढीच्या आंकड्यांत थोडाफार फरक वाटेचाहि असतो. सिमेंटची वाट १९५६ सालीं झाली, तेव्हां हा दोष गेला; पण शेतांतील मातीपासून परीक्षा तेवढीच दूर गेली. पट्ट्यावरील आंकडे त्या मानानें अधिक तुलनाक्षम आहेत. आणि दहा वर्षांच्या वापरानंतर यंत्राचें काय झालें, हें सांगणें या अहवालांचें कामच नव्हे. त्यासाठीं शेतकऱ्यांच्या वह्या व दुरुस्तीचीं बिलें पाहावीं लागतील.

९. उपसंहार

एका संस्थानचा हा कायदा पुढें सबंध जगास उपयोगी पडला. युरोपीय आर्थिक सहकार्य संघटनेनें १९५९ सालीं ट्रॅक्टर-परीक्षेची सामाईक संहिता केली आणि नेब्रास्कानें १९८६ सालीं आपला कायदा सुधारून त्या संहितेप्रमाणें झालेल्या परीक्षा मान्य केल्या. लिंकन येथील मूळ परीक्षागृहांत आतां ट्रॅक्टरांचें संग्रहालय आहे. १९४६ ते १९७५ पर्यंत परीक्षेचे प्रमुख असलेले लेस्टर लार्सन यांचें नांव त्यास दिलेलें आहे. अहवालांचें सबंध दप्तर विश्वविद्यालयानें अभ्यासकांस खुलें ठेविलें आहे. आपल्या देशांत नर्मदेकांठीं बुदनी येथें १९५५ सालीं ट्रॅक्टर-शिक्षणाचें सरकारी केंद्र निघालें व पुढें तेथें परीक्षाहि होऊं लागल्या. तेथील अहवालहि याच दृष्टीनें जमवून वाचण्यासारखे आहेत.

शेवटीं संग्राहकांस एक विनंति. किर्लोस्करवाडीचा कारखाना १९१० सालचा, 'किर्लोस्कर खबर' हें मासिक १९२० सालचें, आणि पुण्यांतील किर्लोस्करांचा तेलाच्या एंजिनांचा कारखाना १९४६ सालचा. म्हणजे महाराष्ट्रांत यंत्राच्या शेतीचे कागद शंभर वर्षांहून अधिक काळ निर्माण होत आहेत. जुन्या वाड्यांत रुमाल शोधतांना एंजिनाचें सूचीपत्र, किंमतीची यादी, सुट्या भागांचें पुस्तक, तेलाच्या खर्चाची वही असे कागद हातीं येतात, आणि ते बहुधा रद्दींत जातात. ते राखून ठेवावे. त्यांवर छापलेला अश्वशक्तीचा आंकडा टिपावा. पण त्याच्या शेजारीं मिनिटांतील फेरे, सिलिंडरचा व्यास व दट्ट्याची धांव हींहि टिपावीं, कारण टॉर्कचा हिशेब त्यांवरूनच मांडतां येतो. विहिरीवरील मोट सुटून एंजिन बसलें तेव्हां शेतकऱ्यास जें सांगितलें गेलें तें खरें होतें काय, हा प्रश्न क्रोझरनें आपल्या शेतांत विचारला होता. आपल्या शेतकऱ्यांच्या वतीनें तो विचारावयाचा असेल तर त्याचें उत्तर याच कागदांत आहे.